थोडा ग्लो मारा ना जी!

चंद्रपूर जिल्ह्यात वाघ दिसायला नशीब लागतं, फ्लेक्स दिसायला नुसते डोळे पुरतात. पहाटे ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर रांग लावून, जिप्सीचे पैसे भरून, पोटभर धूळ खाऊन 'पगमार्क दिसले, वाघ नाही' अशा अवस्थेत परतलेला पर्यटक चंद्रपुरात शिरला, की जटपुरा गेट येईपर्यंत त्याला डझनभर वाघ भेटतात. सगळे भर चौकात, सगळे कॅमेऱ्याकडे बघणारे, सगळ्यांच्या मागे उगवता सूर्य, आणि प्रत्येकाच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र शर्टात हात जोडून उभा असलेला एक माणूस. वाढदिवस त्या माणसाचा असतो. वाघ शुभेच्छुक म्हणून आलेला असतो.

या फ्लेक्सना नावं ठेवणं सोपं आहे, आणि पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे ते काम मन लावून करतात. मला मात्र फ्लेक्स वाचायला आवडतात. कुणाचा फोटो केवढा, कुणाच्या नावाला सोनेरी कड, कुणाचं नाव नुसत्या काळ्यात, कुणाच्या डोक्यामागे किरणं आणि कुणाच्या डोक्यामागे विजेचा खांब, यातलं काहीही आपोआप झालेलं नसतं. गावाची उतरंड जनगणनेच्या तक्त्यात सापडत नाही, ती फ्लेक्स ज्यात बनतो त्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरच्या फाईलमध्ये सापडते. सपाट रंग कोणाच्या वाट्याला आला आणि चढता-उतरता कोणाच्या, एवढं बघितलं की तालुक्यात सध्या कोणाचं चालतं हे कळतं.

ही फाईल जिथे बनते ती दुकानं तहसिलीच्या समोर, बसस्टँडच्या बाजूला किंवा दोन्हींच्या मधल्या बोळीत असतात. पाटीवर 'ग्राफिक्स', त्याखाली झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, अर्जंट पासपोर्ट फोटो आणि सातबारा. मालक बाहेर खुर्ची टाकून ओळखी सांभाळतो, आत ऑपरेटर दुकान सांभाळतो. या ऑपरेटरचं शिक्षण म्हणजे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र, आणि उरलेलं सगळं आधीच्या ऑपरेटरच्या खांद्यावरून बघून घेतलेलं. त्याच्या कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि आकड्यांच्या बाजूचं प्लस ही बटणं घासून इतकी गुळगुळीत झालेली असतात, की तिथे काय छापलं होतं हे आता फक्त त्याच्या बोटांना ठाऊक.

कोरलड्रॉ जन्मलं कॅनडातल्या ओटावा शहरात, १९८९ साली. ओटावात जानेवारीत पारा उणे वीसच्या आसपास उतरतो, चंद्रपुरात मे महिन्यात तो सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जाऊन बसतो. एवढा फरक सोसून हे सॉफ्टवेअर आमच्याकडे रुळलं आणि घरचंच झालं. नव्या आवृत्त्या येत असतात, पण आमच्या दुकानांतून अजून जुनी इलेव्हन, ट्वेल्व नाहीतर एक्स-थ्री चालते. मोठं छपाईचं मशीन जिल्ह्याच्या गावी, आणि तिथल्या माणसाने 'जुन्या व्हर्जनमध्येच सेव्ह करून पाठवा' असं बजावून ठेवलेलं. एक्स-थ्री २००६ साली आलं. त्या साली जन्मलेली पोरं आता त्याच्यावर कामाला बसलीत.

कोरलमध्ये चित्र कोणी काढत नाही, जुळवतात. हात थरथरणाऱ्या माणसानेही चित्रकार व्हावं अशी तिथे व्यवस्था आहे. एका ऑपरेटरला मी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, बॅनरसाठी बक्षिसाचं फूल बनवताना जवळून बघितलं. त्याने एफ-सेव्हन दाबलं, कंट्रोल धरून माऊस ओढला, गोल झाला. कंट्रोल धरला नसता तर भोपळा झाला असता. प्लस दाबलं, गोलावर दुसरा गोल बसला. तो थोडा बाजूला सरकवला, दोन्ही निवडून 'इंटरसेक्ट' दाबलं आणि दोन्ही गोल पुसून टाकले. मधे उरली एक टोकदार पाकळी. पाकळीवर पुन्हा क्लिक केल्यावर कोपऱ्यांत वळणारे बाण आले आणि मधोमध एक बारीक ठिपका. तो ठिपका त्याने पाकळीच्या खालच्या टोकावर नेऊन ठेवला, कंट्रोल धरून पाकळी तीस अंश फिरवली, फिरवता फिरवता उजवं बटण दाबून मूळ पाकळी जागेवर सोडली. मग कंट्रोल-आर, कंट्रोल-आर, कंट्रोल-आर. पानाचा विडा चघळून होण्याआधी बारा पाकळ्यांचं फूल तयार. फुलाच्या मधे त्याने 'प्रथम' लिहिलं आणि बैलजोडीच्या मालकाचा फोटो मागितला. मालकाने बैलांचा फोटो दिला. बक्षीस कोणी मिळवलं याबाबत त्याच्या मनात काही गोंधळ नव्हता.

यात एक गंमत आहे. कंट्रोल धरून फिरवलं की कोरल पंधरा-पंधरा अंशांनी थांबत जातं. अशोकचक्राला आरे चोवीस, आणि चोवीस गुणिले पंधरा म्हणजे बरोबर तीनशे साठ. २५ जानेवारीच्या रात्री गडचिरोलीपासून सिरोंच्यापर्यंत जेवढी चक्रं तयार होतात ती सगळी या एका योगायोगावर फिरतात. ओटावाच्या लोकांनी हे आपल्यासाठीच केलं असं मानायला माझी काही हरकत नाही.

आकारांच्या खात्यात तीन मुख्य बटणं असतात: वेल्ड, ट्रिम आणि इंटरसेक्ट. पंचायत समितीची निवडणूक कळून घ्यायची असेल तर ही तीन पुरेशी आहेत. वेल्ड केलं की सगळे आकार एकजीव होतात, मधल्या रेषा नाहीशा होतात, आणि ज्याच्यावर सगळ्यात शेवटी क्लिक केलेलं असतं त्याचा रंग सगळ्यांना लागतो. याला प्रवेश सोहळा म्हणतात. ट्रिममध्ये एक आकार दुसऱ्याच्या अंगावर जातो आणि त्याचा तेवढा लचका तोडून बाजूला होतो. कापणाऱ्याला खरचटतसुद्धा नाही. याला जागावाटप म्हणतात. इंटरसेक्टमध्ये दोघांत जे समान आहे तेवढंच शिल्लक राहतं. हे बटण राजकारणात फारसं वापरत नाहीत, कारण नंतर स्क्रीनवर दाखवायला काही उरत नाही.

गोल-चौकोन झाल्यावर वळणं येतात. ही वळणं ज्या गणिताने निघतात ते फ्रान्समधल्या मोटारींसाठी जन्माला आलं. पिएर बेझिए हा रेनो कंपनीचा इंजिनिअर. त्याने १९६० च्या दशकात गाड्यांच्या पत्र्याचे बाक काढायला ही पद्धत वापरली आणि तिला त्याचंच नाव पडलं. पॉल द कास्तेल्झो या सित्रोएनच्या माणसाने तेच गणित १९५९ मध्ये मांडलं होतं, पण त्याच्या कंपनीने ते बाहेर पडू दिलं नाही. दोन स्पर्धक कारखान्यांतलं ते वळण आता आमच्याकडे सरपंचाच्या मिशीला वापरतात.

या पद्धतीत रेषेवर थोडेच बिंदू ठेवायचे आणि प्रत्येक बिंदूच्या कानाला धरून रेषा हवी तिकडे वळवायची. ऑपरेटर लोक त्याला नोड म्हणतात. अख्खा गोल चार नोडमध्ये होतो. हात बसलेल्या माणसाची खूण हीच, की त्याच्या चित्रात नोड कमी असतात. हात न बसलेला माणूस व्हॉट्सॲपवर आलेला वाघाचा फोटो घेतो, 'ट्रेस' दाबतो आणि चहाला जातो. तो परत येईपर्यंत वाघाच्या एकेका मिशीला शंभर-शंभर नोड फुटलेले असतात आणि कॉम्प्युटर बेशुद्ध पडलेला असतो. मग युपीएसचं बटण दाबून वाघ आणि कॉम्प्युटर दोघांनाही शुद्धीवर आणावं लागतं.

वाघाचं आणखी एक प्रकरण आहे, आणि वनखात्याने त्यात लक्ष घालायला हवं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. इतकंच काय, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात. जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ मोजतात ते याच पट्ट्यांच्या आधारावर. आता आमचा ऑपरेटर काय करतो? त्याच्याकडे डावीकडे बघणारा वाघ असतो आणि गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंना एकेक हवा असतो. तो वाघ निवडतो, 'मिरर' दाबतो, झालं. उजवीकडे जो वाघ उभा राहतो तो ताडोब्यात नाही, पेंचमध्ये नाही, मेळघाटात नाही. पट्ट्यांच्या हिशेबाने तो नवाच वाघ आहे. देशात वाघ वाढले याचं श्रेय वनरक्षकांनी घ्यायला माझी ना नाही, पण फ्लेक्सवाल्यांनी एका रात्रीत जेवढी वाढ करून दाखवली आहे तिची कुठे नोंद नाही.

आकार तयार झाला की त्यात रंग भरायचा, आणि इथून सगळा खेळ सुरू होतो. एक रंग भरला तर त्याला 'प्लेन' म्हणतात. 'प्लेन ठेवू का?' असं ऑपरेटरने विचारलं की गिऱ्हाईक दुखावतं. प्लेन ही गरिबाची गोष्ट झाली. दोन किंवा अधिक रंग एकमेकांत विरघळत गेले पाहिजेत, कुठून तरी लखलखलं पाहिजे. कोरलमध्ये यासाठी एफ-इलेव्हन आहे, तिथे फाउंटन फिल उघडतं. त्याचे चार प्रकार: सरळ जाणारा, गोलातून पसरणारा, शंकूसारखा फिरणारा आणि चौकोनी. आमच्याकडे त्यांचं वाटप ठरलेलं आहे. सरळ रंग कार्यकर्त्यांच्या पट्टीला. गोलातून पसरणारा नेत्याच्या मागे, म्हणजे सूर्य आपोआप होतो. शंकूचा रंग ढाली, पदकं आणि चकत्यांना. चौकोनी रंग कोणी घेत नाही. तो सॉफ्टवेअरमधला अपक्ष आहे.

खरं म्हणजे या चढ-उताराचा उपयोग साधा आणि सुंदर आहे. सपाट गोलाचा चेंडू करायचा असेल तर गोलातून पसरणारा रंग घ्यायचा, त्याचं उजळ केंद्र थोडं वर आणि डावीकडे सरकवायचं, कडेला रंग गडद होऊ द्यायचा, उजळ जागी एक पांढरी लंबगोल टिकली ठेवून ती अर्धवट पारदर्शक करायची, आणि सावली खाली उजवीकडे टाकायची. चपटा गोल क्षणात उचलून हातात घ्यावासा वाटतो. बांबू काढायचा तर उभ्या पट्टीत सरळ रंग आडवा घ्यायचा: कडेला गडद हिरवा, मधे उजेडाची एक रेघ, पलीकडे पुन्हा गडद. पेरांवर बारीक कड दिली की गडचिरोलीचा बांबू उभा राहतो. या सगळ्यामागे नियम एकच, की उजेड कुठून येतोय ते आधी ठरवायचं आणि मग शेवटपर्यंत त्या ठरावाला चिकटून राहायचं.

फ्लेक्सवर हा ठराव टिकत नाही, कारण तिथे उजेड बाजूने येत नाही, मानाने येतो. साहेबांच्या मागे सूर्य असतो. साहेबांच्या साहेबांचा फोटो वर असतो, त्यांच्यामागे दुसरा सूर्य. गिऱ्हाइकाचं नाव खालून उजळलेलं, तिथे तिसरा. वाघाच्या डोळ्यांत चौथा. मंदिराच्या कळसावर पाचवा, तो चमकतोही. एका फ्लेक्सवर जितके मानकरी तितके सूर्य. पौराणिक काळात बारा सूर्य एकदम उगवले की प्रलय होतो अशी समजूत होती. आमच्या चौकात ते दर आठवड्याला उगवतात आणि खाली पानठेला सुरळीत चालू असतो.

आणि तरीही गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही. ते ऑपरेटरच्या मागे उभं राहतं, स्क्रीनवर बोट टेकवतं, आणि म्हणतं, "भाऊ, नावाले थोडा ग्लो मारा ना जी."

"मारला ना जी."

"दिसून नाही रायला."

"पिवऱ्यावर पिवरा ग्लो कसा दिसंल जी?"

"मंग खालचा पिवरा काढा. पन पिवरा पायजे."

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली. ग्लोबंदीची मागणी घेऊन अजून एकही मोर्चा निघालेला नाही.

रंगांच्या या विरघळण्यात एक अडचण कायमची आहे. लाल रंगातून थेट हिरव्यात जायचं म्हटलं तर मधल्या वाटेत चिखल लागतो, मळकट तपकिरी. रंगशास्त्रात त्याला उपाय नाही, कारण विरुद्ध रंग एकमेकांत मिसळले की मातीच होते. कोरलमध्ये उपाय आहे: मधे एक पिवळा किंवा पांढरा थांबा टाकायचा, म्हणजे लाल आधी पिवळ्यात उतरतो आणि पिवळा पुढे हिरव्यात. आघाड्या आणि युत्यांच्या या दिवसांत ऑपरेटरांचा या विषयातला अभ्यास खोल झाला आहे. कालपर्यंत एकमेकांचे फ्लेक्स फाडणाऱ्या दोन पक्षांचं संयुक्त बॅनर आलं, की तो न विचारता मधे पांढरा थांबा टाकून देतो. मुंबईत ज्याला सात-आठ बैठका लागतात ते काम तो एका क्लिकमध्ये करतो, आणि पत्रकार परिषद घेत नाही.

ग्रेडियंटचं, म्हणजे या चढत्या-उतरत्या रंगाचं, माहेर मात्र राजकारणात नाही, नाटकात आहे. देसाईगंज म्हणजे वडसा, झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरतात, शंकरपट होतात, आणि रात्री नाटक. पडदा रात्री उघडतो तो पहाटेच मिटतो. मधे गाणी, लावण्या, विनोद, रडारड असं सगळं येऊन जातं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राने नकाशा काढून वडसा कुठे आहे ते बघितलं. हंगामात वडशाच्या रस्त्याने चाललं तर नाट्यसंस्थांच्या कचेऱ्यांबाहेर लागलेली पोस्टरं बघायची. कोरलड्रॉची परीक्षा घ्यायची असेल तर त्या पोस्टरांसमोर उभं राहावं.

नाटकाचं नाव कुंकू, आई, सासर, शेतकरी, सातबारा आणि बदला यांपैकी कशाभोवती तरी फिरतं, आणि ते नाव नुसतं लिहून चालत नाही. अक्षरं आधी फोडायची. मग 'एनव्हलप' लावून मधली अक्षरं फुगवायची आणि कडेची आवळायची, म्हणजे नाव प्रेक्षकाच्या अंगावर आल्यासारखं वाटतं. मग 'कॉन्टूर': अक्षराभोवती आधी पांढरी कड, तिच्याभोवती लाल, तिच्याभोवती काळी. मग 'एक्सट्रूड', म्हणजे अक्षराला मागच्या बाजूला जाडी. शेवटी सोनं. सोन्याची कृती प्रत्येक ऑपरेटरची स्वतःची असते आणि तो ती सहजी देत नाही; पण मोठ्या मानाने ती अशी: गडद तपकिरी, त्यावर मोहरीचा पिवळा, मग एक अरुंद जवळपास पांढरी रेघ, लगेच पुन्हा पिवळा, आणि खाली एकदम तपकिरी. खरं कसब त्या पांढऱ्या रेघेत असतं. ती रुंद झाली की सोन्याचं पितळ होतं, आणि फार बारीक झाली की पिवळी माती.

फोटोंचीही प्रकाशयोजना ठरलेली. नायकाच्या गालावर नारिंगी उजेड, खलनायकाच्या हनुवटीखालून हिरवा, रडणाऱ्या आईच्या मागे निळा, आणि विनोदी नटाला उजेड नाही, त्याला ठिपक्यांचा शर्ट. रात्री रंगमंचावर एखाद्याचा आवाज बसला, वीज गेली, कोणी संवाद विसरलं, तरी पोस्टर आपलं काम करून मोकळं झालेलं असतं: लोक आलेले असतात. इथे मला त्या सगळ्या सूर्यांबद्दल तक्रार नाही. नाटकाने नाटकी असावं. पंचायत समितीच्या सभापतीने असावं का, हा प्रश्न वेगळा.

हे सगळं कॉम्प्युटरने आणलं असं मात्र समजू नका. त्याआधी पेंटर होते. दुकानाच्या पाटीवर पेंटर अक्षराचा वरचा भाग गडद रंगात भरायचा, खालून फिका रंग चढवायचा आणि दोन्ही ओले असतानाच कोरड्या ब्रशने मधली वेस पुसून टाकायचा. तोही फाउंटन फिलच, फक्त त्याला अन-डू नव्हतं. पेंटर दिवसाला जेवढी अक्षरं लिहायचा त्याच्या कितीतरी पट आता एका तासात होतात. पण पेंटरच्या मागे उभं राहून 'थोडा ग्लो मारा' म्हणायची कोणाची छाती नव्हती. तो शिडीवर असायचा आणि त्याच्या हातात रंगाचा डबा असायचा.

मजा म्हणजे, जंगलातून आलेल्या गोंड कलेला ग्रेडियंट लागतच नाही. गोंड चित्रांत हरिण, मोर, झाड यांच्या अंगात ठिपके आणि रेघा भरलेल्या असतात. रंग सपाट, तरी अंग हलतं. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या बॅनरवर असा एखादा मोर येतो. ऑपरेटर तो नीट ठेवतो. मग कार्यक्रमाचे संयोजक येतात, मोराकडे बघतात आणि म्हणतात, "हा जरा प्लेन वाटून रायला." मोराखाली सावली पडते, पिसाऱ्याला ग्लो येतो, आणि मोर एका प्राचीन परंपरेतून थेट फटाक्याच्या खोक्यावर येऊन उतरतो.

स्क्रीनवर सगळं मान्य झालं की फाईल छपाईला जाते आणि तिथे शाई आपला इंगा दाखवते. स्क्रीन उजेडाने रंगते, फ्लेक्स शाईने. स्क्रीनवरचा पोपटी फ्लेक्सवर शेवाळी होतो. भडक निळा जांभळा होतो, आणि हे फार जपावं लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली; दर ऑक्टोबरला त्या सोहळ्यासाठी शहर निळं होतं, आणि तिथे निळा म्हणजे निळाच लागतो. म्हणून जाणता ऑपरेटर सायन शंभर ठेवतो आणि मॅजेंटा साठ-सत्तरच्या वर जाऊ देत नाही. हे त्याला कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नसतं.

दुसरं संकट पट्ट्यांचं. चढता-उतरता रंग दिसायला अखंड असला तरी आतून तो पायऱ्यांचा असतो, साधारण २५६ पायऱ्या. लग्नपत्रिकेवर त्या दिसत नाहीत. वीस फुटी फ्लेक्सवर त्याच पायऱ्या पसरल्या की प्रत्येक पायरी जवळपास इंचाची होते, आणि निळ्या आकाशात आडवे पट्टे उमटतात. पट्टे वाघाला शोभतात, आकाशाला नाही. यावर उपाय म्हणजे त्या रंगात थोडी खर टाकायची, बारीक दाणे, म्हणजे पायऱ्यांच्या कडा डोळ्याला सापडत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी कंट्रोल-क्यू: अक्षरांचं रूपांतर आकारात करायचं. ते विसरलं आणि छपाईवाल्याकडे तो मराठी फॉन्ट नसला, तर 'हार्दिक शुभेच्छा'च्या जागी कंसांची आणि टिंबांची रांग छापून येते. ते केलं तर दुसरा धोका: आता अक्षर हे अक्षर राहिलं नाही, चित्र झालं. 'हार्दीक' तसंच गावभर मिरवतं, आणि वेलांटी दुरुस्त करणारे मास्तर सायकल थांबवून चौकात उसासे टाकतात.

लागलेला फ्लेक्स मग खऱ्या सूर्याच्या हवाली होतो. चंद्रपूरचा उन्हाळा कोणाचीही भीड ठेवत नाही. शाईतला पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात. सायन आणि काळा टिकून राहतात. एप्रिलच्या जयंतीला गोरेपान असलेले साहेब जूनपर्यंत निळसर होतात, कार्यकर्ते त्याहून निळे, आणि वाघ राखाडी. सोनं सगळ्यात आधी जातं. पावसाळा आला की फ्लेक्स उतरतो आणि खरा कामाला लागतो: कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या सरपणावर, आणि धान कापल्यावर त्याच्या पुंजण्यावर, म्हणजे गंजीवर. शेतात उभं राहून अवकाळी पावसापासून धान वाचवणारे पुढारी मी या भागात स्वतः बघितले आहेत.

आता मुद्द्याचं. हा सगळा ग्लो, हे सगळे सूर्य, हे सोनं आपल्याला फुकट मिळतं. फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर असतात, डिझाईनचे नसतात. ऑपरेटरने रात्री अकरापर्यंत बसून चोवीस शुभेच्छुकांच्या माना पासपोर्ट फोटोतून कापल्या, गोलात बसवल्या, मग 'याचा फोटो त्याच्या वर घ्या' म्हणून पुन्हा हलवल्या, तर ते कुठल्याच बिलात येत नाही. फुकटची गोष्ट माणूस हात राखून मागत नाही. म्हणून माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक दुकानात दरपत्रक लावावं: प्लेन रंग मोफत, ग्रेडियंट प्रति थांबा पाच रुपये, ग्लो पन्नास, सोनं शंभर, आगाऊ, पहिला सूर्य मोफत, दुसऱ्यापासून प्रत्येकी दोनशे, साहेबांचा फोटो पुन्हा वर-खाली करायचे तीनशे, रात्री दहानंतर दुप्पट. एका हंगामात महाराष्ट्राची अभिरुची सुधारेल, आणि नाही सुधारली तर निदान ऑपरेटरांची घरं तरी होतील.

तोपर्यंत वाचकांना एवढीच विनंती. वाढदिवस जवळ आला असेल तर दुकानात जा, मजकूर कागदावर शुद्ध लिहून द्या, बरा फोटो द्या, आणि बाहेर येऊन चहा प्या. त्याच्या खांद्यावरून स्क्रीनला बोट लावू नका. उजेड कुठून येतो ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. आणि उधारी ठेवू नका. फ्लेक्सवरचा रंग उडायच्या आत पैसे द्या.